वामीची पाठराखीण

मालक हेल्मेट घालायचे ते घरात. स्कूटरवर कधीच नाही. चांदणी चौकात पोलिसानं अडवलं की "हितंच तर चाललोय" म्हणायचे, आणि खरंच कुठं तरी तिथंच चाललेले असायचे. पण हॉलमधल्या काचेच्या टाकीचं झाकण काढायचं झालं, की खुंटीवरचं हेल्मेट डोक्यावर चढवायचे, हनुवटीखाली पट्टा लावायचे आणि टाकीपुढं उभं राहून म्हणायचे, "या, बाहेर या."

आतल्या वामीला, त्या सापासारख्या लांब माशाला, ते "तुमी" म्हणायचे. आम्हा माणसांना "तू". सुनेला तू, दारात येणाऱ्या बिल्डरला तू, मला तर तूच.

झाकणावर घरातला जुना पाटा ठेवलेला असायचा, कारण वाम रिकामी फट दिसली की बाहेर निघायला बघायची. एकदा पाटा काढून ठेवला आणि झाकण डोक्यात बसलं, तेव्हापासून हेल्मेट. मग पाट्याला हात लावताना हेल्मेट नसायचं, आणि पाटा खाली ठेवल्यावर असायचं, हे कसं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला विचारायची सवय नव्हती. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी बहुतेक गोष्टी न विचारता समजून घेत आले, आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या समजल्या असणार.

भूगावात, घाटाच्या अलीकडं, समुद्राचं पाणी. चार माणसं उताणी झोपतील एवढी लांब टाकी नव्हे, पण दोन नक्की. आत दगड, दगडावर डोलणारी जांभळी, हिरवी झुडपं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, झाडं छान आहेत. मालक म्हणाले, "झाडं न्हाईत ती. जनावरं हायेत. पाय न्हाईत म्हणून जात न्हाईत." त्यांच्यामधल्या एका बिळात ती वाम. हातभर लांब, पांढरी, अंगावर काळे-पिवळे शिंतोडे, आणि सारखं तोंड उघडणार, मिटणार, उघडणार. मला वाटलं काहीतरी सांगतेय. मालक म्हणाले, श्वास घेतीया ती. पुढं महिन्याभरानं मीच कुणाला तरी तसं सांगितलं, तर मालक मागून म्हणाले, "श्वास कशाचा? सांगतीच हाय. आपल्याला कळत न्हाई."

असं त्यांचं. टाकी का ठेवली, याची तीन कारणं मी त्यांच्याच तोंडून ऐकली. दूधवाल्याला सांगितलं की डॉक्टरनं रक्तदाबासाठी सांगितलीय. बिल्डरला सांगितलं की आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलं, म्हणून पाणी घरात आणून ठेवलंय, आता बघू कोण कुणाला बुडवतंय. आणि मला सांगितलं, की धरणाच्या काठावरची माणसं वाम पकडतात, कापतात, खातात, लहानपणी आपणही लई खाल्ल्या, तर एक तरी पोसायला नको का. नंतर कळलं, त्यांचं गाव धरणात गेलंच नव्हतं. गाव भूगावच. इथलंच रान विकून बंगला बांधलेला.

मी हिंगोलीकडची. उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले तेव्हा तिशी ओलांडली होती, नवऱ्यानं सोडून चार वर्षं झाली होती. खोली बघत भूगावात अख्खा आठवडा फिरले. घरोघरी दोनच प्रश्न. नवरा कुठंय? आणि त्याचं उत्तर देऊन झालं, की आडनाव काय? दुसऱ्या प्रश्नानंतर खोली एकदम कुणाच्या तरी पाहुण्याला द्यायची निघायची.

मालकांनी यातलं काही विचारलं नाही. ते म्हणाले, "मासं खाती का?"

मला वाटलं, माळकरी घर असणार. मी म्हणाले, नाही, अजिबात नाही.

"मग न्हाई जमायचं," म्हणून ते दार लावायला लागले.

मी दारात हात घातला. म्हणाले, खाते हो. मिळाले तर खाते.

त्यांनी मला आत घेतलं, लांब लाकडी चिमटा हातात दिला, त्यात कोळंबीचा तुकडा धरायला लावला आणि स्वतः हेल्मेट घालून बाजूला उभे राहिले. वाम बिळातून आली, चुकून आधी चिमट्याच्या लाकडाला चावली, मग तुकड्याला. तिला दिसत कमी होतं, वासावर चालायची. माझा हात हलला नाही. धाडस होतं म्हणून नाही, मागं खोली उभी होती म्हणून.

"माझा हात थरथरतुया आता," मालक म्हणाले. "खोली घे मागली. हिला खायला तू घालायचं."

म्हणजे खोली वामीमुळं. हे माझ्या डोक्यात त्या दिवशी बसलं ते बसलंच. आडनाव त्यांना नंतर कधीतरी पत्राच्या पाकिटावरून कळलं असणार. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

उन्हाळ्यात दुपारची वीज गेली, की त्यांच्याकडचा इन्व्हर्टर फक्त टाकीला लावलेला. आम्ही दोघं घामानं निथळत बसायचो, आणि टाकीवर पंखा. एकदा इन्व्हर्टरही बंद पडला, तर त्यांनी मला डाव दिला, स्वतः पळी घेतली आणि आम्ही दोन तास टाकीतलं पाणी वर उचलून परत सोडत बसलो, हवा मिसळावी म्हणून. सूनबाई नेमक्या तेव्हा आल्या. हेल्मेट घातलेले सासरे आणि भाडेकरू बाई, दोघं मिळून आमटी ढवळावी तसं ढवळतायत. त्या दारातूनच परत गेल्या. मालक म्हणाले, "घाबरली. तिला वाटलं आता जेवायला वाढत्यात."

पाण्याची चव ते जिभेनं बघायचे. काचेचा काटा होता, पाण्यात तरंगून मीठ दाखवायचा, पण त्याच्यावर विश्वास नव्हता. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे. बघून बघून मीही शिकले. आणि त्यातूनच माझी ती चूक झाली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते दोन दिवस पुण्यात गेले. टाकी माझ्यावर सोपवून. वर पंखा चालू, दिवस कडक उन्हाचे, पाणी दोन बोटं खाली गेलं. मालक म्हणतील, हिनं लक्ष दिलं नाही. टाकीतलं पाणी खारट, तर भर घालायची तीही खारटच, एवढं तर कुणालाही कळेल. मी स्वयंपाकाचं मीठ बादलीत कालवलं, बोटानं चव बघितली, अगदी टाकीसारखीच आली. दोन्ही दिवस भर घातली. पाणी काठोकाठ, मी खूश.

टाकीत वामीबरोबर एक निळा मासा असायचा, तो तिसऱ्या दिवशी सकाळी आडवा झालेला. लाल पट्ट्यांची कोळंबी होती एक, खायची नव्हे, पाळायची, ती पांढरी पडून तळाशी. झुडपं मिटलेली. वाम बिळातून अर्धी बाहेर, तोंड उघडं.

मालक काळा चष्मा लावून आले. बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग टाकीतलं थोडं पाणी उपसलं, स्वयंपाकघरातून साधं पाणी आणलं आणि पेल्यापेल्यानं घालत बसले, दिवसभर. मध्येच म्हणाले, "पाणी उडून जातं. मीठ न्हाई उडत, ते मागंच ऱ्हातं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची."

मी म्हणाले, "चुकलं माझं, मालक."

"चुकलंच," ते म्हणाले, आणि निळा मासा कढीपत्त्याखाली पुरायला गेले.

रागावले असते तर बरं झालं असतं. आठवडाभर काही बोलले नाहीत. आणि आठव्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "वामीला एखादं स्थळ बघाया पायजे."

मी त्या दिवशी कारखान्यात डब्यांची झाकणं उलटी भरली. सुपरवायझर ओरडला तेही नीट ऐकू आलं नाही. वाम जाणार, म्हणजे मी जाणार. आणि माझ्यामुळंच जाणार. मग दोन रविवारांनी सूनबाई आल्या, बरोबर टेप घेतलेला एक माणूस. तो भिंती मोजत होता तेव्हा त्या मला म्हणाल्या, की पाऊस संपला की बंगला पाडायचाय, टॉवर होणार. बाबा आमच्याकडं, बाराव्या मजल्यावर. तिथं ते सापाचं प्रकरण चालणार नाही. "तुम्हाला बाबांनी सांगितलं असेलच ना?"

मी म्हणाले, हो, सांगितलंय.

सांगितलं काहीच नव्हतं. म्हणजे मीठ माझ्या डोक्यावरून उतरलं, पण छप्परही उतरलं. रविवारी मी परत खोल्या बघायला लागले. तेच दोन प्रश्न, त्याच क्रमानं. मालकांना विचारावं, माझं काय? रोज ठरवायची. रोज चिमटा हातात घेतला की वाटायचं, आज नको.

स्थळं बघायला मात्र मला न्यायचे. म्हणे, तुला वामीची पारख हाय. स्कूटरवर मागं मी, हातात स्टीलचा पेला, त्यांनी चव घ्यायला. लेक द्यायची तर आधी त्या घरचं पाणी बघावं, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं स्थळ भूगावातलंच, एक कंप्युटरमधला तरुण. टाकी आमच्या दुप्पट, निळे दिवे, सगळं मोबाईलवर. मालकांनी पाणी चाखलं, मान हलवली. उत्तम. मला वाटलं झालं, ठरलं. तर मालक म्हणाले, "हितं एखादी जास्तीची खोली हाय का?"

तो म्हणाला, "काका, एक छोटी रूम आहे, पण त्यात आम्ही फिल्टर ठेवलाय."

"मंग न्हाई जमायचं."

तो पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी पेल्याकडं. वामीला खोली कशाला लागते, हे मलाही कळत नव्हतं.

दुसरं स्थळ धरणाच्या काठचं रिसॉर्ट. जेवायच्या हॉलमध्ये मोठी टाकी. मॅनेजर खूश, पाहुण्यांना दाखवायला बरं. मालकांनी पाणी चाखलं न चाखलं आणि विचारलं, कामाची माणसं कुठं झोपत्यात? एका लांब शेडमध्ये सगळे एकत्र. मालक शेड बघून आले, मग मागच्या न्हाणीघराचं दार ओढून बघितलं, लावून बघितलं, परत ओढलं.

"ह्याला कडी न्हाई."

मॅनेजर हसला. "वामीला कडी कशाला लागते, आजोबा?"

"कडी लागतीच," मालक म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. परत येताना मी मनातल्या मनात नक्की केलं, की डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये यांच्या डोक्यालाही काही झालंय. आणि मग आणखीनच भीती वाटली, की आता यांना काही विचारण्यात अर्थच उरला नाही.

तिसरं स्थळ पौडच्या पुढं. रिटायर झालेल्या एक सिस्टर, एकट्याच. अंगणात तुती, घरात बुद्धाची मूर्ती, आणि कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची टाकी. मुलगा जहाजावर नोकरीला, टाकी त्यानं सुरू केली आणि निघून गेला. सिस्टरबाई म्हणाल्या, "लोकांना वाटतं त्याची आठवण म्हणून ठेवलीय. तसं काही नाही. बंद कशी करायची ते तो सांगून गेला नाही." आत दोन मासे आणि दगड. पण पाणी चांगलं होतं. मीही चाखलं.

"साप घेणार नाही हो मी," सिस्टरबाई म्हणाल्या.

"साप न्हाई. वाम हाय."

"मला दोन्ही सारखेच."

तरी मालक त्यांना घेऊन मागच्या बाजूला गेले. मला टाकीपाशी बसवलं. बराच वेळ बोलणं चाललं होतं, शब्द येत नव्हते. कडी वाजली, दोनदा. परत आले तेव्हा मालक विचारत होते, उरवड्याची गाडी कुठं थांबते? फाट्यावर, सकाळी साडेसहाला. मला वाटलं, वाम न्यायच्या गाडीचं चाललंय. मग सिस्टरबाईंनी पानं वाढली, आणि मालकांनी भरल्या वांग्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या. घरी एक खायचे.

वाम न्यायच्या दिवशी त्यांनी झाकणाची बादली आणली, झाकणाला भोकं पाडली, वरून बायकोचं जुनं लुगडं गुंडाळून बांधलं, आणि वर नारळ ठेवला. मालकीणबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. लुगडं बांधताना त्यांना गाठ जमेना, तर मी मारली.

"तुझं बी कपडं घे," ते म्हणाले. "पाठराखीण म्हणून जायचंय."

"कुणाची?"

"वामीची. नव्या जागंत ती जेवत न्हाई. पंधरा दिस वळखीचा हात लागतो."

आमच्याकडंही नवरी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर एखादी बाई चार दिवस जाते, तिला परकं वाटू नये म्हणून. पण पाठराखीण परत येते. परत येण्यासाठीच ती असते. आणि मी परत कुठं येणार होते? आम्ही निघालो तेव्हा कुंपणाच्या बाहेर जेसीबी येऊन उभा होता.

सिस्टरबाईंच्या हॉलमध्ये मालकांनी हेल्मेट घातलं आणि दोन तास पेल्यापेल्यानं तिथलं पाणी बादलीत घातलं, तिला सवय व्हावी म्हणून. मग वाम टाकीत सोडली. ती दगडामागं गेली ती गेलीच. मालक हेल्मेट न काढताच रिक्षात बसले. मागं बघितलं नाही.

दहा दिवस वामीनं काही खाल्लं नाही. मी सकाळी साडेसहाच्या गाडीनं कारखान्यात जायची, आल्यावर चिमटा घेऊन बसायची. मागच्या खोलीला आतून कडी होती, खिडकीतून तुती दिसायची. मी त्या खोलीकडं नीट बघायचीच नाही. सवय नको.

अकराव्या दिवशी वाम आली, आधी चिमट्याला चावली आणि मग कोळंबी घेतली. आनंद व्हायला पाहिजे होता. पण आता पाठराखिणीचं काम संपलं.

मी सिस्टरबाईंना सांगितलं नाही. पुढचे दिवस त्या अंगणात असताना वामीला गुपचूप खायला घालायची आणि त्यांनी विचारलं की म्हणायची, नाही हो, अजून तोंड लावत नाही. ज्यांच्या घरात राहते, ज्यांची भाकरी खाते, त्यांच्याशीच खोटं बोलत होते. लाज वाटायची, पण आणखी चार दिवस मिळतील असंही वाटायचं.

पंधराव्या दिवशी मालक आले. मी आधीच पिशवी बांधून दाराशी ठेवली होती, कुणी जा म्हणायच्या आत आपण तयार असलेलं बरं. ते थेट टाकीपाशी गेले.

"जेवतीया का?"

"नाही, मालक."

त्यांनी काचेला नाक लावलं. "पोट बघ की तिचं. गरवार दिसतीया."

सिस्टरबाई आतून चहाचा कप घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "चार दिवस झाले. कोळंबीची सालं कचऱ्याच्या डब्यात रोज दिसतात मला."

मी खाली बघितलं. सिस्टरबाईंनी कप मालकांपुढं ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला.

"नको."

"मग पाणी आणते."

"पाणी बी नको."

सिस्टरबाईंचा चेहरा बदलला. तो चेहरा मला कुणी समजावून सांगायला नको होता. त्यांच्या घरात जी मूर्ती आहे, तीच हिंगोलीला आमच्या घरात आहे, आणि पाणी नको म्हणणारी माणसं आम्ही दोघींनी बघितलेली होती. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "का हो? आमच्या घरचं चालत नाही?"

"मागल्या येळी दोन भाकऱ्या खाल्ल्या की, सिस्टर."

"तेच म्हणते. मग आता काय झालं?"

"तवा दिली नव्हती," मालक म्हणाले. "आता लेक दिलीया. लेकीच्या घरचं पाणी बाप पीत न्हाई. आमच्यात न्हाई पीत."

सिस्टरबाई टाकीकडं बघायला लागल्या. मीही टाकीकडंच बघितलं. वाम तोंड उघडत होती, मिटत होती. एकटे मालक टाकीकडं बघत नव्हते. ते दाराकडं बघत होते.

"ती पिशवी कशाला बांधलीस?"

"पंधरा दिवस झाले ना, मालक."

"सोड ती."

मी सिस्टरबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "अगं, खोलीचं त्याच दिवशी ठरलं, ते जेवायला बसायच्या आधी. मला वाटलं तुला माहितीय. मी तर भाडेकरू मिळते म्हणून साप घेतला."

मला कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, तेही ठाऊक नाही. मालकांनी वामीचं भलं व्हावं म्हणून मला बरोबर दिलं, की मला घर मिळावं म्हणून वाम दिली, हे मी पुष्कळदा दोन्ही बाजूंनी लावून बघितलं. कधी असं लागतं, कधी तसं. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी पिशवीची गाठ सोडत बसले, ती फार घट्ट मारली गेली होती.

त्यानंतर ते चार वेळा आले, मुलाच्या गाडीनं. दर वेळी पायरीवर बसायचे, आत वाम बघून यायचे, परत पायरीवर. पाण्याची बाटली स्वतःची. शेवटचे आले ते मे महिन्यात. ऊन मी म्हणत होतं, बाटली येतानाच संपलेली. मी आतून गार पाण्याचा तांब्या भरून आणला आणि काही न बोलता पायरीवर ठेवला. मालकांनी तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काठीवर भार देऊन उठले, रस्ता ओलांडून समोरच्या घरी गेले, तिथं पाणी मागून प्याले, आणि परत येऊन माझ्या पायरीवर बसले.